गोत्तिल्ला

शिवानी बिराजदारच्या पीएचडीला मार्गदर्शक दोन होते, म्हणजे एकाच सुनेला दोन सासवा. विद्यापीठाकडून डॉ. टिपणीस, विज्ञान संग्रहालयाकडून सबिहा मॅडम. योजनाच तशी होती. विद्यार्थी दोघांनी मिळून घडवायचा आणि प्रबंधाच्या शीर्षकावर सह्याही दोघांनी करायच्या. मॅडमनी सहीसाठी पेन उघडलं, शीर्षक वाचलं आणि पेन पुन्हा बंद केलं.

‘गोत्तिल्ला: सोलापूर परिसरातील एका लोकयंत्राचा अभ्यास.’

ही भानगड टिपणीस सरांनी एकट्याने करून ठेवली होती. अक्कलकोटजवळच्या जगदेवी अज्जींनी माळ्यावरची एक पितळी वस्तू संग्रहालयाला दिली, ती आणायला सर स्वतः गेले. नेमकी तेव्हाच शिवानी तापाने फणफणून घरी पडलेली. वस्तू जेमतेम तळहाताएवढी. एक चाक, एक दांडी, दोन भोकं. सरांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून विचारलं, "आजी, याला काय म्हणतात हो?"

"गोत्तिल्ला री," अज्जी म्हणाल्या.

सर मूळचे ठाण्याचे. सोलापुरात इतकी वर्षं काढून त्यांना इथली शेंगाचटणी पचली, पण कन्नडचा एक शब्द काही कानात शिरला नाही. कन्नडमध्ये ‘गोत्तिल्ला’ म्हणजे ‘माहीत नाही’, ‘री’ नुसतं आदराचं. शिवानीच्या घरात तर हा शब्द उठता-बसता चालायचा. चष्मा कुठे ठेवला इथपासून लाईटबिल भरलं का इथपर्यंत, तिच्या वडिलांचं सगळ्याला हे एकच उत्तर.

सरांनी मात्र त्या शब्दाची फोड केली. गो म्हणजे बैल, तिल म्हणजे तीळ. म्हणजे हा बैलाने ओढायचा तेलघाणा!

"एवढुशा वस्तूला बैल कुठं जुंपायचा?" मॅडमनी एकदा विचारून पाहिलं होतं.

"हे लहान प्रतिरूप आहे," सर म्हणाले. तिथेच विषय संपला.

"मॅडम, तुम्हीच सांगा की त्यांना," शिवानी काकुळतीला आली.

"मी? मागं त्यांच्या लेखातलं एक साल दुरुस्त केलं, तर महिनाभर माझ्याकडचा चहा घेतला नाही त्यांनी. अन् राग कुणावर काढला? तुझी फाईल दाबून बसले की!"

शिवानीला खरंच रडू फुटायच्या बेतात होतं. बाहेरचे परीक्षक धारवाडचे येणार होते. ‘माहीत नाही: एका लोकयंत्राचा अभ्यास’ असं वाचून ते खुर्चीतून खाली पडले असते आणि तिच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीचं हसं झालं असतं. सरांना सांगावं तर सही अडणार, न सांगावं तर अब्रू जाणार.

तिने नाक पुसलं. मग तिच्या डोळ्यांत खट्याळ चमक आली.

"मग त्यांना कुणी सांगायचंच नाही, मॅडम. त्यांनीच विचारायचं."

पुढच्या आठवड्यात संग्रहालयाचं प्रदर्शन होतं. मधल्या टेबलावर ती वस्तू, शेजारी शिवानीने मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी. ‘नाव: गोत्तिल्ला. मूळ उपयोग: गोत्तिल्लाच. बनवणारा कारागीर: गोत्तिल्ला परंपरेतील.’ पाटी वाचून सर खूश झाले. "वा! बारकाईने काम केलंयस," म्हणाले. वस्तू देणाऱ्या म्हणून जगदेवी अज्जींना पहिल्या रांगेत मानाची खुर्ची होती. त्यांच्यामागे जीप भरून आलेलं सगळं गणगोत बसलं होतं. त्या जीपचं निमंत्रणही शिवानीचंच. पाटी वाचून पोरीबाळी तोंडाला पदर अन् ओढण्या लावून बसल्या होत्या. मॅडम खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होत्या.

सर माईकवर रंगात आले. बैल झाला, तीळ झाला. मग ते अज्जींकडे वळले. "आता आजींच्याच तोंडून ऐकू या. सांगा आजी, याला काय म्हणतात?"

अज्जींनी माईक पकडला. "गोत्तिल्ला री!"

"ऐकलंत?" सरांनी विजयी मुद्रेने सभेकडे पाहिलं.

मागची रांग फुटली. हसण्याचा नुसता कल्लोळ. अज्जी वैतागल्या.

"का हसताय गं? आवो सायेब, तवाबी मी ह्येच सांगितलं की, मला म्हाईत न्हाय म्हून! तुमी येवढं लई शिकलेले, वस्तू घिऊन बी गेला. तुमाला तरी कळलं का काय हाय त्ये?"

सरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. शिवानीला क्षणभर त्यांची दया आली, अगदी मनापासून. सरांनी घसा खाकरला. "तेच तर, आजी," ते म्हणाले, "त्याचाच शोध चाललाय." सभेने टाळ्या वाजवल्या. अज्जींनीसुद्धा.

संध्याकाळी मॅडमच्या खोलीत सरांनी स्वतः होऊन चहा मागितला. शीर्षकाचा कागद ओढून ‘गोत्तिल्ला’ खोडलं आणि वर ‘नाव हरवलेले यंत्र’ असं लिहिलं. सही केली. मॅडमनीही लगोलग केली.

शिवानी कागद घेऊन दारापर्यंत पोचली, तेवढ्यात सरांनी हाक मारली.

"बिराजदार, खरं सांग. तुला हे आधीपासून माहीत होतं ना?"

शिवानीने सह्यांचा कागद आधी नीट पिशवीत घातला.

"गोत्तिल्ला री, सर."