डेपोतला सुरवंट

आमचे हे बस चालवतात आणि त्यांच्याकडे एक सुरवंट आहे. सुरवंट खेळातला आहे, खरा नाही, हे आधीच सांगून टाकते. मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानात ही गोष्ट सांगायला लागले की गिऱ्हाईकं हातातली फ्रेम विसरून माझ्या तोंडाकडेच बघत राहतात.

खेळ तुम्हाला माहीत असेल. रानावनात भटकायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना शिकवून मोठं करायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. दर दोन-तीन वर्षांनी याचा नवा भाग निघतो, आणि प्रत्येक भागात अगदी पहिल्याच झाडाखाली एक हिरवा सुरवंट भेटतो. त्याला पानकिडा म्हणतात. अख्ख्या खेळात त्याच्याइतकं दुबळं कोणी नाही. अंगावर आदळायचं आणि तोंडातून सूत सोडायचं, एवढंच त्याला येतं. लोक त्याला पकडतात ते पुढे त्याचं फुलपाखरू होतं म्हणून. तेही लवकर होतं. दोन-चार झुंजी जिंकल्या की पडदा पांढरा होतो, वाजंत्री वाजते आणि पंख फुटतात.

यांच्या पानकिड्याला पंख काही फुटले नाहीत. का, ते ऐका.

हे खेळतात डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत. एक लांब बाकडं, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात चहाचं मशीन, आणि हातात बिस्किटाच्या पुड्याएवढं खेळायचं यंत्र. फेरी संपवून आलं की पुढची फेरी लागेपर्यंत जो वेळ मिळेल तो यांचा. झुंज जिंकायची, पानकिडा बदलायला लागायचा, आणि नेमकी तेव्हाच बस काढायची घंटा व्हायची. पंख फुटायचा तो सोहळा भलता लांबलचक. मध्येच यंत्र बंद केलं तर सगळी मेहनत पाण्यात. मात्र एक बटण दाबलं की बदल रद्द होतो आणि खेळ लगेच जपून ठेवता येतो. हे मुकाट्याने ते बटण दाबायचे, यंत्र खिशात टाकायचे आणि बस वेळेवर बाहेर काढायचे. दुसरा कोणी असता तर एखाद्या दिवशी जरा उशिरा निघाला असता. पण आमच्या लेकीच्या जन्माच्या वेळीसुद्धा हे आधी फेरी पूर्ण करून मग दवाखान्यात आले होते. मी ते अजून विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

तर असा तो पानकिडा वर्षानुवर्षं पानकिडाच राहिला, आणि राहता राहता चिवट झाला. खेळाचा नवा भाग आला की हे त्याला जुन्यातून नव्यात घेऊन जायचे. यांनी त्याचं नाव ठेवलं वळवळ्या. पहिली काही वर्षं डेपोतले ड्रायव्हर त्याला हसले. नंतर हसायचे थांबले, कारण त्यांचे पंखवाले, शिंगवाले, आग ओकणारे सगळे प्राणी वळवळ्यासमोर आडवे व्हायला लागले. कुणालाच त्याला आजवर पाडता आलं नव्हतं. यांना बढती मिळाली तेव्हा हे मला संध्याकाळी सांगायला विसरले होते, पण वळवळ्या पडला नाही हे मला रोज जेवताना ऐकावं लागायचं.

आता आमच्या लेकीबद्दल. ती हाच खेळ खेळते, पण वडिलांसारखा चहाच्या घोटासोबत नाही. ती आणि तिची मैत्रीण अशी दोघींची जोडी. प्रत्येकीचा एक प्राणी, समोरच्यांचे दोन, आणि शेवटी ज्यांच्या बाजूचा एक तरी प्राणी उभा राहील ते जिंकले. दोन वर्षं या मुलींनी दुसरं काही केलं नाही. कॉलेज सुटलं की आमच्या पुढच्या खोलीत डोकी एकत्र आणि दार बंद. या वर्षी निवड स्पर्धा जिंकली की थेट जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत जागा मिळणार होती. पुढच्या वर्षी वयाची अट आड येत होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी मैत्रिणीचा फोन आला. गाडीच्या दारात बोटं सापडली होती. हाताला पट्टी, बटण दाबता येईना, आणि रडून रडून बोलताही येईना.

लेक फोन ठेवून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तोंडाचा रंग उडालेला.

"बदली खेळाडू कुठल्याही वयाचा चालतो," ती म्हणाली. "पण आधीपासून नोंदणी केलेला हवा. चांगले सगळे कुठल्या ना कुठल्या जोडीत आहेत. संपलं सगळं."

ह्यांची सुट्टी होती. हे बुटांना पॉलिश करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "माझी आहे नोंदणी. डेपोतल्या सगळ्यांनी मिळून केली होती मागे."

"बाबा, तुमच्याकडे आहे काय?"

"वळवळ्या आहे की."

"तो अजून सुरवंटच आहे?"

"मग काय असणार?"

तिने कपाळाला हात लावला. मी तिची आई आहे, मला तिच्या मनातलं कळत होतं. हॉलभर लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर, बापाला आणि पानकिड्याला घेऊन उभं राहायचं. तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचीही लाज वाटत होती. पण दुसरा मार्गच नव्हता. "चला," ती म्हणाली, "पण तिथे गेल्यावर मी सांगेन तसं."

"तुझीच स्पर्धा आहे. तू म्हणशील तसं," हे म्हणाले आणि दुसरा बूट उचलला.

हॉल चांगला मोठा होता. समोर उंच पडदा, खाली टेबलं, आणि कडेला सरावासाठी एक रांग. तिथे लेकीने यांना बसवलं. "एक सरावाची झुंज खेळा. वळवळ्या बदलायला लागला की बटण दाबू नका. होऊ दे फुलपाखरू. निदान उडेल तरी. माझं अस्वल धरणीकंप करतं तेव्हा जमिनीवरच्या सगळ्यांना मार बसतो, आपल्या जोडीदारालासुद्धा. मैत्रिणीचा पक्षी होता म्हणून आमचं जमायचं."

यांनी झुंज जिंकली. पडदा पांढरा व्हायला लागला. यांनी यंत्र तिच्या हातात दिलं. "तूच धर बाई. माझं बोट आपोआप त्या बटणावर जातं."

ते त्यांनी अगदी सहज म्हटलं, पण त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलेलं मी पाहिलं. इतक्या वर्षांचा वळवळ्या.

लेकीच्या हातात यंत्र, वाजंत्री सुरू झालेली, आणि तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या चार ओळींवर गेली. तिथे वळवळ्याला काय काय येतं ते लिहिलेलं होतं. तिने खाडकन बटण दाबून बदल रद्द केला.

"बाबा, हे पाठराखण नावाचं कुठून आलं?"

"ते? आलंय मागे कधीतरी. कामाचं नाही. शेजारच्यावर येणारा वार स्वतःच्या अंगावर घ्यायचा म्हणे. डेपोत आम्ही एकेकटे खेळतो, शेजारी असतो कोण?"

"पानकिड्याला हे येतं हे कुणालाच माहीत नाही, बाबा! कारण इतका मोठा होईपर्यंत कुणी त्याला पानकिडा ठेवतच नाही! आणि फुलपाखरू झालं की हे जातं." तिचा आवाज चढला होता. तिचं अस्वल जबरदस्त मारायचं, पण त्याचं कातडं पातळ, दोन फटक्यांत आडवं व्हायचं. दोन वर्षं त्या मुली त्याच्यावरच उपाय शोधत होत्या, आणि उपाय बापाच्या खिशात घंटा ऐकत बसला होता.

"धरणीकंप मी वापरणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त माझ्या अस्वलाला सांभाळा."

"सांभाळतो."

पहिल्या फेरीत मोठ्या पडद्यावर पानकिडा उमटला तेव्हा हॉलमध्ये हशा पिकला. माझ्या मागे बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "पानकिडा? कोणाचा हो हा?" मी मागे वळून म्हटलं, "माझ्या नवऱ्याचा. काही म्हणणं आहे?" ते लगेच पडद्याकडे बघायला लागले.

यांची खेळण्याची तऱ्हाही वेगळीच. प्रत्येक बटण दाबायच्या आधी हे उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात, मग दाबतात. आरसे नसले म्हणून सवय थोडीच जाते! निवेदकाने त्यावरही दोन विनोद करून घेतले. मग झुंज सुरू झाली. समोरच्यांनी अस्वलावर वार केला आणि वळवळ्या सरपटत मध्ये आला. परत वार, परत वळवळ्या. अस्वल मागून आरामात एकेकाला लोळवत होतं. तिसऱ्या फेरीपर्यंत हशा बंद झाला होता. चौथ्या फेरीत वळवळ्या पडद्यावर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागचे गृहस्थ पुढे वाकून मला म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनी ह्याला कसं हो वाढवलं?" मी म्हटलं, "वेळापत्रकाप्रमाणे." काय सांगू, माझी मान अशी ताठ झाली होती की दुखायला लागली.

अंतिम झुंज दोन भावांशी होती. दोघांची जाकिटं सारखी, केसांचे भांगसुद्धा सारखे. एकाचा आग ओकणारा सरडा, दुसऱ्याचा खवल्यांचा गेंडा. पोरं हुशार होती, त्यांनी आमच्या जोडीच्या सगळ्या झुंजी बघून ठेवल्या होत्या. अस्वलाच्या नादी ती लागलीच नाहीत. दोघांनी मिळून वळवळ्यालाच धरलं. वर गेंडा सरड्याच्या जखमा भरायचा, सरडा गेंड्याच्या. लेकीने एकाला मारून अर्धा करावा, तर तो पुन्हा टवटवीत.

हे उजवीकडे बघून, डावीकडे बघून सूत सोडत होते. कधी सरड्यावर, कधी गेंड्यावर. दोघेही त्या सुतात गुरफटून मंद होत गेले, इतके की आता अस्वल त्यांच्याआधी हलणार होतं. पण वळवळ्याचा जीव दर फटक्याला कमी होत होता. शेवटी पडद्यावर त्याच्या नावापुढे लाल रंगाची बारीकशी रेघ उरली. पुढच्या फटक्याला तो गेला असता, आणि मग ते दोघे मिळून अस्वलाला उभं फाडणार हे माझ्यासारखीलाही कळत होतं.

एकच वार होता जो सरड्याला आणि गेंड्याला एकदम लागला असता, आणि तोच अस्वलाचा सगळ्यात जबर वार होता. आत्ता, त्यांनी एकमेकांच्या जखमा भरायच्या आत. धरणीकंप.

लेकीचा अंगठा बटणावर होता आणि ती दाबत नव्हती. वरचं घड्याळ उलटं धावत होतं. मी पुढच्या रांगेत घुसले होते, मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"दाब," हे म्हणाले.

"वळवळ्या पण पडेल, बाबा."

"दिसतंय मला. दाब."

"तो कधीच पडलेला नाही. सगळ्या डेपोत—"

"अगं, घंटा झाली. बस काढ."

तिने दाबलं.

सगळा पडदा हादरला. सरडा कोसळला. गेंडा गुडघ्यांवर आला, क्षणभर तसाच राहिला, आणि कलंडला. आणि या बाजूला वळवळ्या उताणा झाला, त्याचे ते गोंडस आखूड पाय वर, डोळ्यांच्या जागी फुल्या. मध्ये एकटं अस्वल उभं होतं.

हॉल असा काही ओरडला की मला माझाच आवाज ऐकू आला नाही, आणि मी चांगलीच ओरडत होते. दोन वर्षांची मेहनत, ती मोठी स्पर्धा, सगळं तिच्या पदरात पडलं होतं. ते दोघे भाऊ उठून यांच्याशी हात मिळवायला आले. निवेदक विनोद विसरून वळवळ्याचं नाव घेत होता. आणि माझी लेक मात्र वडिलांच्या यंत्रातल्या त्या उताण्या सुरवंटाकडे बघत बसली होती, डोळे काठोकाठ भरलेले.

मी टेबलापाशी पोचले. मला नक्की कुणाचा जास्त अभिमान वाटत होता ते विचारू नका. मी तिचे खांदे धरले, पण तिला आई नको होती त्या वेळी.

"सॉरी, बाबा," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा पडला तो. आणि मी पाडला."

हे हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं मोकळं हसताना मी यांना क्वचितच पाहिलंय. त्यांनी यंत्र बंद केलं, नीट पुसलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"मग कोणाच्या हातून पडायचं होतं त्याने?" ते म्हणाले. "डेपोतल्या त्या लोकांच्या?"