जवसाची चटणी, दोन चमचे

खोक्यात सात वस्तू होत्या. ज्वारीचं पीठ तीन किलो वीस ग्रॅम. हरभऱ्याची डाळ एक किलो. काचेच्या बरणीत जवसाची कोरडी चटणी, चारशे बारा ग्रॅम. कारळाची चटणी दोनशे ग्रॅम. शेवग्याचा वाळवलेला पाला एक पिशवी. अक्रोड अकरा, बारावा आईने, भामाबाईने, खवट नाही ना म्हणून फोडून पाहिला असणार. आणि बरण्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये कोंबलेला जुना टॉवेल. तो धरला तर सात, नाही तर सहा. धम्मप्रियाने तो धरला.

खोकं दर पंधरा दिवसांनी भोकरहून निघे आणि नांदेडला गाडी बदलून, कंडक्टरच्या ओळखीपाळखीने लातूरच्या स्टँडवर पोचे. धम्मप्रिया ते औसा रोडवरच्या आपल्या खोलीत आणी, एकेक वस्तू काट्यावर तोली आणि वहीत लिही. तिने रसायनशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि आता एका ज्युनियर कॉलेजात ती प्रात्यक्षिकं घेत होती. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी, चाळीस मुलांसमोर, तिला ब्युरेटच्या काचनळीचा नळ फिरवता येईना. बोटं सुजून टच्च झाली होती. मुलांना वाटलं, मॅडम मुद्दाम थांबल्यात. सव्विसाव्या वर्षी तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस झाला होता. राखणीला ठेवलेला कुत्रा घरच्याच माणसाला चावतो तसं शरीराचं झालंय, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी रात्री मेथोट्रेक्सेटच्या सहा गोळ्या. सोमवारी दिवसभर मळमळ, तोंडाला लोखंडाची चव. सोमवारी ती कॉलेजात उभी राहायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. तिला तो सोमवार परत हवा होता.

"खाणं जरूर सांभाळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या जागी नाही. आठ आठवडे नोंद ठेवा. आकडे खरंच उतरले, तर सहाच्या चार करून बघू."

सहाच्या चार. धम्मप्रियाने त्या दोन शब्दांवर आठ आठवडे बांधून काढले. साखर, बेकरी, तळलेलं आणि पाकिटातलं बंद. ज्वारी, डाळी, पालेभाज्या, जवस, अक्रोड चालू. लोकांनी मायेने दिलेल्या डब्याही तिने एका पिशवीत भरून दवाखान्यात नेल्या: गुळवेलीच्या गोळ्या, अश्वगंधा, हळदीचा अर्क, सांध्यांची म्हणून कसलीशी गुलाबी पावडर. बाईंनी एकेक डबी हातात घेतली. यकृतावर आधीच तुमच्या गोळ्यांचा भार आहे, म्हणत बहुतेक बाजूला सारल्या. राहिलं ते फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलाची कॅप्सूल. त्यावरून धम्मप्रियाने स्वतःसाठी एक नियम केला: ज्याच्यावर काय आणि किती हे लिहिलेलं नाही, ते पोटात जाणार नाही.

हा नियम माणसांना मात्र सोसत नसे. घरमालकीण गोदावरीकाकू पुरणपोळी घेऊन आल्या, तेव्हा तिने हात जोडले. दुसऱ्यांदा धपाटे आणि दही आलं, तेव्हा तिने धपाट्यात कोणतं पीठ आहे, असं विचारलं.

"अगं, खायचंय का तपासायचंय?" काकू हसत म्हणाल्या. "तुझं हे स्वयंपाकघर म्हणजे लॅबोरेटरीच की!"

तिसऱ्यांदा काही आलं नाही. कॉलेजात वाढदिवसाचा केक कापताना तिच्यापुढे प्लेट धरायची सवयही हळूहळू सुटली. कोणी रागावलं नव्हतं. बोलावून नाही म्हणून घेण्यापेक्षा न बोलावणं सोपं, एवढंच. संध्याकाळी साडेसातला ती खिडकीशी उभी राहून भाकरी खायची. समोरच्या वसतिगृहात क्लासच्या मुली एका ताटात चौघी जेवायच्या आणि भाजीला नावं ठेवत खिदळायच्या.

जेवताना बोलणं व्हायचं ते फक्त भोकरशी.

"चटणी खातीस ना?" भामाबाई फोनवर पहिलं हेच विचारायची.

"खाते की, माय."

"दोन चमचे?"

"दोन. सपाट. दहा ग्रॅम."

"शीग लावून घेत जा की. काय होतंय?"

"प्रयोग बिघडतो."

"चुलीत घाल तुझा प्रयोग. माणूस बरं झालं पायजे."

आणि माणूस बरं होत होतं. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले राहण्याची वेळ पहिल्या आठवड्यात पंच्याण्णव मिनिटं होती. तिसऱ्यात चाळीस झाली, पाचव्यात पंधरा. तिने फडकं पिळलं. ब्युरेटचा नळ दोन बोटांनी फिरवला आणि गरज नसताना पुन्हा फिरवला. जिन्यात भेटलेल्या काकू म्हणाल्या, "तोंड भरलंय गं तुझं. बरं दिसतंय." त्या रात्री तिने वहीत कारण नसताना लाल शाईने पंधरा हा आकडा गिरवला.

सहाव्या आठवड्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी तिला पाच दिवस नांदेडला जावं लागलं. तिने पीठ, डाळ, अक्रोड, गोळ्या, सगळं मोजून बरोबर घेतलं. जवसाची बरणी तेवढी घेतली नाही. चटणीला तेल सुटून झाकण पाझरत होतं आणि पिशवीत प्रशिक्षणाचे कागद होते. कारळाच्या चटणीवर भागेल, असा तिने हिशेब केला.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिला कूस बदलता येईना. बोटांची पेरं आवळ्यांसारखी झाली होती. उठून बसली तर डोळ्यांपुढे अंधारी आली, पाण्याचा घोटही उलटून पडला. प्रशिक्षणाच्या वसतिगृहातल्या तिच्या खोलीत दुसरी खाट रिकामी होती. तिच्यावर गादीची गुंडाळी होती आणि गुंडाळीला सुतळी बांधलेली. धम्मप्रिया दिवसभर त्या सुतळीच्या गाठीकडे बघत पडून राहिली. कोणाला फोन करावा, याचा तिने विचार केला. नंबर पुष्कळ होते.

शनिवारी कशीबशी ती लातूरला आली. भूक नव्हती, म्हणून भाकरीचा चतकोर आणि दोन चमचे चटणी खाल्ली. रविवारी सकाळी पुन्हा दोन. रविवारी दुपारी तिच्या लक्षात आलं की आपण कपडे पिळून वाळत घातले आहेत.

ती तशीच ओल्या हातांनी वहीपाशी बसली. बेचाळीस ओळी, अकरा रकाने. नांदेडला आजारी पडेपर्यंत दहा रकाने नेहमीसारखेच भरलेले होते. एकाच रकान्यात पहिल्या दिवसापासून पाच रेघा होत्या. तिला आधी आनंद झाला, कारण इतका स्वच्छ निकाल प्रयोगात क्वचित मिळतो. मग तो ओसरला. जवसातल्या तेलाचा गुण दिसायला महिने लागतात. तो एका दिवसात येत नाही आणि दोन दिवसांत जात नाही.

पुढच्या रविवारी ती पन्नास ग्रॅम चटणी घेऊन नांदेडला गेली. बीएस्सीचा तिचा वर्गमित्र आलोक तिथल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवत होता. त्याने चटणीतलं तेल काढून टाकलं, उरलेल्याचा अर्क केला आणि काचपट्टीवर त्याचा एक ठिपका ठेवला. शेजारी माहितीतल्या औषधांचे चार ठिपके ठेवले. द्रावण वर चढेपर्यंत तो बोलत राहिला.

"काय गं, लग्नाबिग्नाचं? का नवऱ्याचंही लेबल वाचणार?"

"वाचणार. खाली बारीक अक्षरात असतं ते आधी."

त्याने खिडकीवर काळा कागद लावला आणि अतिनील दिवा पेटवला. हसणं त्याच्या तोंडावरच राहिलं. धम्मप्रियाने मोजपट्टी मागितली. चटणीतला एक ठिपका चार पूर्णांक सहा सेंटीमीटरवर होता. शेजारी डेक्सामेथासोनचा ठिपका होता, तोही चार पूर्णांक सहावर.

"स्टेरॉइड," आलोक म्हणाला. "पक्कं सांगायला मोठं मशीन लागेल. पण मी पैज लावतो. धम्मे, ही चटणी बनवली कोणी?"

तिने मोजपट्टी पुन्हा लावून पाहिली.

"कोणी का बनवली असेना, एकदम बंद करू नको. महिनाभर बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं करणं सोडून देतं. नांदेडला तुझं झालं ते तेच. आधी डॉक्टरला गाठ."

तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. गुरुवारची वेळ ठरलेलीच होती. तोवर आहे ते चालू ठेवा, म्हणाल्या. मग ती भोकरच्या गाडीत बसली.

भामाबाई ओट्यावर अंगणवाडीचं रजिस्टर उघडून मुलांची वजनं चढवत होती. एकवीस वर्षं ती सेविका होती. लेकीला दारात बघून ती उठली, पण धम्मप्रियाने बूट काढायच्या आधीच विचारलं.

"माय, चटणीत काय घालतीस?"

"जवस, लसूण, मिरची, मीठ."

"अजून?"

भामाबाईने पेनाला टोपण लावलं. "तुला सांगितलं असतं तर खाल्लं असतंस का?"

उन्हाळ्यात तिने कागदी पुडीतली एक काळपट पूड लेकीपुढे ठेवली होती. बाजाराच्या दिवशी जीप घेऊन येणाऱ्या माणसाकडची. शेजारची म्हातारी त्या पुडीने काठी टाकून चालायला लागली होती. धम्मप्रियाने तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, याच्यावर लेबल कुठाय? आणि भामाबाई चिडून म्हणाली होती, तुझ्या बापाच्या कष्टावर तरी कुठं लेबल होतं?

"लेकरं जंताची गोळी थुंकून टाकतेत," भामाबाई आता म्हणाली. "रडतेत, दात खातेत. मंग मी गोळी कुटते, गुळात कालवते, देते. एक लेकरू न्हाई सुटलं माझ्या हातून. तू बी तशीच. लहानपणापासून."

"मी अठ्ठावीस वर्षांची आहे."

"हाव. आन् फोनवर रडत होतीस, फडकं पिळता येईना म्हणून. मी हितं बसून काय करावं?" तिचा आवाज चढला आणि मध्येच उतरला. "बरं वाटलं का न्हाई? तेवढं सांग."

"वाटलं."

"मंग?"

मग काय, हे धम्मप्रियाला सांगता आलं असतं. हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, भरलेलं तोंड ही सूज असते. तिने ते सांगितलंही, शिकवताना सांगते तसं, एकामागून एक. भामाबाई ऐकत राहिली. मुलांच्या वजनाच्या रजिस्टरवर तिचा हात पालथा पडला होता.

"त्या जीपवाल्यानं सांगितलं झाडपाला हाय," ती शेवटी म्हणाली. मग रजिस्टर मिटत म्हणाली, "आठ आठवडे भरत आलेत ना तुझे? बाईला सांगूच नको. गोळ्या कमी होतेत तर होऊ दे. आकडे तर खोटे न्हाईत."

परतीच्या गाडीत धम्मप्रिया वही मांडीवर घेऊन बसली. आकडे खोटे नव्हतेच. पंच्याण्णव, चाळीस, पंधरा. प्रत्येक सकाळी घड्याळ लावून घेतलेले. नांदेडच्या पाच ओळी आजारपणावर ढकलता आल्या असत्या. सहाच्या चार. सोमवारी दुपारी उठून कुठेतरी जाता आलं असतं. कुठे, ते तिला सुचलं नाही. पण जाता आलं असतं. गाडी थांबली तेव्हा तिने पेन काढलं आणि जवसाच्या रकान्यावर लिहिलं: जवस, अधिक बहुधा डेक्सामेथासोन, मात्रा माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी तो रकाना दोनदा वाचला.

"हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी आज गोळ्या कमी केल्या असत्या," त्या म्हणाल्या. "आणि चटणी संपल्यावर तुम्ही रस्त्यात कुठेतरी पडला असता."

मेथोट्रेक्सेट सहाचं सहाच राहिलं. चटणी बंद झाली. तिच्या जागी मोजलेल्या मात्रेची स्टेरॉइडची गोळी आली, दर दोन आठवड्यांनी थोडी कमी होणारी. शरीर स्वतःचं काम पुन्हा करू लागलं का, ते सकाळच्या रक्तातल्या कॉर्टिसॉलवरून, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडवरून, कळणार होतं. पाचच्या खाली आलं तर ते बनवणारी ग्रंथी झोपलेलीच. दहाच्या वर आलं तर गोळी बंद. मध्ये कुठे आलं तर थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. खाणं आहे तसंच ठेवा, बाई म्हणाल्या, त्याचा उपयोग होतो. फक्त किती, ते आता नव्याने मोजावं लागेल.

खोकं यायचं थांबलं. धम्मप्रियाने नको म्हटलं नव्हतं, भामाबाईने पाठवत नाही म्हटलं नव्हतं. ज्वारी आता ती बाजारातून घ्यायची आणि गिरणीत उभी राहून दळून आणायची. फोन यायचा. "जेवलीस का?" भामाबाई विचारायची. काय जेवलीस, हे विचारायची नाही. मग पलीकडून अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज यायचा.

सकाळचे सांधे पुन्हा सत्तर मिनिटं घेऊ लागले. प्रात्यक्षिकाला ती नळ फिरवायला पुढच्या बाकावरच्या मुलीला बोलावू लागली. शिकवण्याचाच भाग असल्यासारखं.

नव्या गोळीच्या अकराव्या आठवड्यात, बाईंच्या सांगण्यावरून आदल्या दिवशीची मात्रा गाळून, ती रिकाम्या पोटी रक्त द्यायला गेली. सुई टोचणाऱ्याने विचारलं, बरोबर कोणी आलंय का, चक्कर येते कधी कधी. ती नाही म्हणाली आणि पाच मिनिटं बाकावर बसून राहिली. अहवाल संध्याकाळी फोनवर आला. तिने तो वहीच्या नव्या पानावर उतरवून घेतला.

कॉर्टिसॉल, नमुना सकाळी आठ वाजता: ७.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर.