कोर्टावरच्या घागरी

लातूरचा जिल्हा झाला आणि गावातल्या मोठ्या माणसांच्या अंगात आलं. कामाकामाला उस्मानाबादला घालायचे खेटे संपले, कचेऱ्या आल्या, साहेब आले, दुकानांच्या पाट्यांवर 'जि. लातूर' असं नव्या रंगात लिहिलं गेलं. पाऊस तेवढा आला नाही. पहिल्या साली नाही आणि दुसऱ्या सालीही नाही. पाऊस आणणं कुणाच्या हातात नव्हतं, म्हणून मोठ्या माणसांनी कमिटी केली आणि टेनिस आणायचं ठरवलं.

थट्टा नाही करत. आपल्या देशाचा संघ आणि परदेशातला एक संघ यांचे सामने लातूरला भरणार, असं किशनरावांनी दिल्लीपर्यंत जाऊन ठरवून आणलं होतं. किशनराव कमिटीचे अध्यक्ष. औशाकडे रग्गड जमीन, लातूरच्या मोंढ्यात आडत, आणि बोलायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा गार. "जगाच्या नकाशावर लातूर येणार," असं ते प्रत्येक सभेत म्हणायचे. मी तेव्हा डाळमिलमध्ये तूरडाळ निवडायला जात होते. आम्ही बायका म्हणायचो, लातूर नकाशावर येईल तेव्हा येईल, नळाला पाणी कधी येणार ते सांगा.

आमची बौद्धवस्ती मैदानाला लागून आहे. मैदानाच्या कोपऱ्यात निजामाच्या काळातली दगडी विहीर. नळ बंद पडले तेव्हा तिनंच आम्हाला जगवलं. कमिटीनं मैदानाला तारेचं कुंपण घातलं, विहिरीवर लोखंडी जाळी टाकून कुलूप लावलं आणि मोटर बसवली. कारण कोर्ट मातीचं होतं. उदगीरकडून आणलेली ती लाल माती दोन वेळा भिजवून रुळानं दाबावी लागे, नाहीतर तिला भेगा पडत. सकाळ-संध्याकाळ पोटभर पाणी पिणारं लातुरात तेवढं एकच लाडकं लेकरू होतं.

"सामने होईपर्यंतच," किशनराव वस्तीत येऊन म्हणाले होते. "गावासाठी एवढं सोसा. तोवर टँकर देतो."

तो रूळ ओढायला माझा नवराच होता. भीमा तिथं रोजंदारीवर होता, आणि सामने नीट पार पडले की त्याला कायम करू, असं किशनरावांनी कबूल केलं होतं. मी पाण्यावरून तोंड उघडलं की भीमा म्हणायचा, "पंचशीला, जरा दम धर." दम धरणं माझ्या स्वभावात नाही. तरी धरला.

टँकर मैदानाबाहेरच्या लिंबाखाली यायचा. त्याचा एक कायदा होता आणि तो कुठल्या कचेरीत लिहिलेला नव्हता. बाईला दिवसभर लायनीत उभं राहायला वेळ कुठला? कुणाला मिल, कुणाला दुसऱ्यांची धुणीभांडी. म्हणून तिच्या जागी तिची घागर उभी राहते. जिथं घागर तिथं नंबर. दुसरीच्या घागरीला कुणी हात लावायचा नाही. नवरा-बायकोचं भांडण सोडवायला लोक धावतात, पण घागर हलवल्यावरून लागलेल्या भांडणात कुणी मधे पडत नाही.

लायनीत पहिली घागर नेहमी माझ्या सासूची, सरजाबाईची. माहेरी, रेणापूरकडच्या खेड्यात, लहानपणी ती रिकामी घागर घेऊन विहिरीच्या ओट्याखाली बसायची. आमच्या लोकांना वर चढायची बंदी होती. कुणाला दया आली आणि त्यानं वरून ओतलं तर पाणी, नाहीतर तशीच परत. ही गोष्ट ती रडून सांगत नसे, शिव्या घालत सांगायची.

त्या दिवशी मिलला सुट्टी होती. दिल्लीचे कुणी साहेब कोर्ट तपासायला संध्याकाळी येणार होते, म्हणून किशनरावांची जीप सकाळपासून गावभर फिरत होती. टँकर मात्र कितीतरी दिवस आला नव्हता. लिंबाखाली घागरींची लाईन पार गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. ऊन कलायला लागलं तेव्हा लांबून टँकरचा आवाज आला. बायका पदर खोचून उठल्या. टँकर लिंबाजवळ आला आणि न थांबता पुढं गेला. फाटकातून आत वळून तो विहिरीपाशी उभा राहिला आणि त्याचा पाइप जाळीतून विहिरीत सोडला गेला.

विहिरीचा तळ दिसायला लागला होता, मोटर हवा ओढत होती. कोर्ट सुकायला नको म्हणून आमचा टँकर विहिरीत ओतून राहिले होते.

मला वाटलं आता कुणीतरी ओरडेल. त्याऐवजी माझी सासू उठली, घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "जिथं टँकर, तिथं नंबर. चला."

ती निघाली, तिच्यामागं दुसऱ्या नंबरची, मग तिसऱ्या. मागची पुढं गेली नाही, पुढचीनं मागं बघितलं नाही. टँकरसाठी फाटक उघडंच होतं. राखणदार गुंडप्पा, उदगीरकडचा माणूस, दोन्ही हात पसरून धावत आला. "अय्यो, कोर्ट हाय ते! चपला तरी काढा!"

चपला होत्या त्यांनी काढल्या. विहिरीपासून कोर्टावर लाईन लागली. चुन्याची पांढरी रेघ आयती मारलेली होती. तिच्यावर घागरी ठेवत गेलो, तर इतकी सरळ लाईन आमची जन्मात लागली नव्हती. तांब्याच्या, पितळेच्या, जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या, एकदोन प्लास्टिकच्या. भीमा रुळाचा दांडा धरून नुसता बघत होता.

किशनराव कमिटीतल्या दोघातिघांना घेऊन जीपमधून उतरले ते ओरडतच.

"हे काय लावलंय? उचला ह्या घागरी! साहेब येऊन राहिले तासाभरात!"

"टँकर हितं आला, नंबर हितं आला," मी म्हणाले. "आमचा काय गुन्हा?"

"गावाच्या इज्जतीचा सवाल हाय, बाई!"

"इज्जतीला दोन टाइम पाणी लागतंय, अन् लेकरांना न्हाई?"

ते गुंडप्पाकडं वळले. "उचल रे समद्या. कुंपणाबाहेर टाक."

गुंडप्पानं डोकं खाजवलं. "साहेब, त्यातली एक घागर माझ्याच घरची हाय. बाकीच्यांना हात लावला तर बायको घरात घ्यायची न्हाई."

बायका हसल्या, आणि हसू किशनरावांना शिवीपेक्षा जास्त लागलं. त्यांनी भीमाला हाक मारली.

"भीमा, तू उचल. उद्या सकाळी तुझी कायमची ऑर्डर. ह्या समद्यांच्या देखत जबान देतो."

खरं सांगते, कायम नोकरी म्हणजे आमच्या घरात त्या वर्षी पाण्याइतकीच मोठी गोष्ट होती. मी मधे बोलले असते तर बायकोच्या सांगण्यावरून केलं, असं त्याला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

भीमानं दांडा खाली ठेवला. लायनीच्या कडेकडेनं चालत आला. जर्मनची एक हलकी घागर वाऱ्यानं कलंडली होती, ती त्यानं वाकून उचलली. त्यानं ती तिच्याच जागी सरळ उभी केली आणि लायनीत माझ्यामागं येऊन उभा राहिला.

"माझाबी नंबर हितंच हाय, साहेब."

लग्नाच्या दिवशीसुद्धा मला ह्या माणसाचा इतका अभिमान वाटला नव्हता. लग्नाच्या दिवशी तर अजिबातच नव्हता.

मग किशनराव स्वतःच पुढं झाले. सरजाबाईच्या घागरीला हात घालायला त्यांना जमलं नसावं, कारण ती तिच्याशेजारीच बसून त्यांच्याकडं टक लावून बघत होती. त्यांनी दुसऱ्या नंबरची घागर उचलली. चांगली वजनदार पितळी घागर. ती फेकायला वर केली आणि तिच्या गळ्यावरच्या कोरलेल्या अक्षरांवर त्यांची नजर पडली. 'दगडोबा पाटील, औसा.' हे त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

"ही घागर हितं कशी आली?"

केवळाबाई पुढं झाली. ती आमच्याच वस्तीतली, किशनरावांच्या घरी धुणीभांडी करायची. "रोजच येती, मालक," ती म्हणाली. "तुमची बोअर कवाच आटली. बाईसाहेब म्हणाल्या, कुठूनबी आण. मी सरजामावशीच्या मागं नंबर लावते. तुम्ही पिऊन राहिले ते पाणी ह्याच लायनीचं हाय."

किशनरावांना आपल्या घरात पाणी कुठून येतं ते ठाऊक नव्हतं. तांब्या भरून समोर येत होता, ते पीत होते. ते घागर हातात धरून तसेच उभे असताना दिल्लीच्या साहेबांची गाडी फाटकातून आत आली.

साहेब पांढरी टोपी घातलेले, घामानं निथळत होते. "ये क्या है?" त्यांनी विचारलं.

मीच आमच्या लातुरी हिंदीत सांगितलं, "पानी का नंबर है, साहब. टँकर इधर आया, तो हम इधर आए."

साहेबांनी बुटाच्या टाचेनं माती दाबून बघितली. कोर्टाला दिवसाला किती पाणी लागतं, ते भीमाला विचारलं. भीमानं सांगितलं, सकाळी टँकरभर, संध्याकाळी टँकरभर. सामन्यांच्या दिवशी ही माणसं पुन्हा येतील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, टँकर आला तर येतील. मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. किशनरावांनी सोडा आणायला माणूस पळवला. साहेब आधी घागरींकडं, मग किशनरावांच्या हातातल्या घागरीकडं बघत राहिले.

"कोर्ट तैयार नहीं है," ते म्हणाले. "नांदेडवाले भी माँग रहे थे." आणि सोड्याची वाट न बघता गाडीत बसले.

तो माणूस काही आमच्या कळवळ्यानं गेला नाही. नसती भानगड नको, एवढंच त्याच्या तोंडावर दिसत होतं. सामने नांदेडला गेले. त्यांच्याकडं गोदावरी आहे, त्यांचं त्यांना लखलाभ. भीमाला कुणी कायम केलं नाही, तो मोंढ्यात हमालीला लागला आणि त्याची पाठ अजून दुखते. 'हिनंच सामने घालवले' म्हणून बाजारात माझ्याकडं बोट दाखवणारे आजही आहेत. मी त्यांना म्हणते, हाव, मीच घालवले. पण मी एकटी नव्हते, लाईन होती.

गाडी गेल्यावर किशनराव म्हणाले, "जिल्ह्याचं नाक कापलंत तुम्ही."

"नाकाचं मागून बघू," माझी सासू म्हणाली. "आधी ती घागर जागेवर ठिवा. नंबर जातो."

त्यांनी ती ठेवली. खरंच ठेवली. ते बघून गुंडप्पानं कमरेची किल्ली काढली आणि कुणाला न विचारता जाळीचं कुलूप उघडलं. भीमा वस्तीतून दोर आणि पोहरा घेऊन आला.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. किशनरावांच्या पत्नी कस्तुराबाई उतरल्या. दिल्लीच्या पाहुण्याचा स्वयंपाक करायचा होता, घरात थेंब नव्हता आणि केवळाबाईचा पत्ता नव्हता, म्हणून त्या स्वतः बघायला आल्या होत्या. भरजरी लुगडं, आणि समोर आमची लाईन. केवळाबाईनं त्यांना त्यांची घागर दाखवली. त्या घागरीमागं जाऊन उभ्या राहिल्या.

"अवो, बाईसाहेबांना आधी घेऊ द्या," मागून कमिटीतलं कुणीतरी म्हणालं. "पाटलाच्या घरच्या हायत."

माझी सासू तेव्हा पोहरा हातात घेऊन कठड्यापाशी होती. ते ऐकलं आणि तिचा पाय मागं सरकला. मी बघितलं. तिनं ठरवून नाही केलं, पायानं आपणहून केलं, माहेरच्या विहिरीखाली शिकला होता तसं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्या पायाचा नाही, ज्यांनी तो शिकवला त्यांचा. मी पुढं होणार, तोच ती थांबली. स्वतःच्या पायाकडं बघितलं. मग तोच पाय उचलून तिनं विहिरीच्या कठड्याला टेकवला.

"नंबर हाय," ती म्हणाली.

पोहरा खाली गेला. पाणी खोल होतं, दोर सरसरत राहिला. तिनं सावकाश ओढला, घागर काठोकाठ भरली, घाई बिलकुल केली नाही. अख्खी लाईन, कस्तुराबाई, कमिटी आणि किशनराव तिची घागर भरेपर्यंत उभे होते. मग तिनं ओला दोर पुढं केला.

कस्तुराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. मग दोराकडं. मग हात पुढं करून तो सरजाबाईच्या हातातून घेतला. सवय नव्हती, निम्मं पाणी लाल मातीवर सांडलं, पण घागर भरली. ती कमरेवर घेताना त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, उद्या नंबर कधी लागतो?"

"तांबडं फुटायच्या आधी," माझी सासू म्हणाली. "अन् घागर सोताच आणून ठिवा, बाई. केवळाचा नंबर केवळाला राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मिलला निघाले तेव्हा बघितलं. आमच्या घागरीमागं केवळाची जर्मनची घागर होती, आणि तिच्यामागं ती पितळी.