कोरी काच

डॉक्टरने कुत्र्याच्या कानाच्या कडेवर तेलाचा थेंब सोडला, बोथट पातं चिमटीत धरलं आणि रक्ताची बारीक रेघ दिसेपर्यंत हलकेच खरवडलं. पात्यावरचा करडा लगदा काचेवर पसरून तिने ती मायक्रोस्कोपखाली सरकवली. कुत्र्याचं नाव साहेब. साहेब मुकाट उभा होता. त्याचं डोकं त्याच्या म्हाताऱ्या मालकाने धरलं होतं.

म्हाताऱ्याच्या सुनेने आपलं म्हणणं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

"घरात तीन महिन्यांची मुलगी आहे, डॉक्टर. हा दिवसभर खाजवतो. लागण होणारं काही निघालं तर याला दुसरीकडे द्यायचं, असं ठरलंय."

"ठरलंय म्हणजे हिनं ठरवलंय," सासरे पुटपुटले.

"मग कोणी ठरवायचं? तुम्हाला साहेबापुढे नात दिसते कुठे? पंधरा दिवस झाले, बाळाला हात लावला नाहीत. याला मात्र मांडीवरून खाली उतरवत नाही."

सासऱ्यांनी साहेबाचं डोकं आणखी जवळ ओढलं.

डॉक्टर काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत गेली. केस, कोंडा, तेलाचे बुडबुडे. खरजेचा किडा गोल, आखूड पायांचा. एक दिसला तरी पुरे. पण तो कातडीत बीळ करून राहतो आणि निम्म्या वेळा हातीच लागत नाही. तिने दुसरी काच पाहिली, तिसरी पाहिली. तिन्ही कोऱ्या.

"काचेवर तरी काही नाही," ती म्हणाली.

सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरने साहेबाच्या कानाची कड दोन बोटांत चोळली आणि त्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला. तिला ते आवडलं नाही; खरजेत पाय असाच हलतो.

"घरात आणखी कोणाला खाज सुटते का?"

"छे, कोणालाच नाही," सून म्हणाली.

सासऱ्यांनी त्यावर नुसती मान डोलावली असती तरी साहेब घरातच राहिला असता, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. साहेबाच्या पाठीवरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग शर्टाच्या बाह्यांची बटणं काढली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ होतं, ओरबाडलेलं.

"कधीपासून?" डॉक्टरने विचारलं.

"झाले पंधरा दिवस. सांगितलं असतं तर याला घालवलं असतं, म्हणून गप्प बसलो. चुकलंच माझं." मग ते सुनेकडे वळले. "पण बाळाला नाही गं लावला हात. ती पाळण्यात रडायला लागली की बाहेर जाऊन बसायचो."

सून त्या हातांकडे बघत राहिली. पंधरा दिवस ती मनातल्या मनात काय काय बोलली होती, ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काच कोरी असली तरी ही खरूजच, पण ती बरी होते," डॉक्टर म्हणाली. "साहेबाला मी औषध देते, तुम्ही सगळे आजच तुमच्या डॉक्टरांना दाखवा. याला घरी ठेवायचं की नाही, ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा."

"साहेबाचं औषध द्या, घरी मी देईन त्याला," सून म्हणाली. "आणि बाबांना बाळाला कधी घेता येईल, ते सांगा."