संत्र्याच्या सालींचं पाणी

धाकटीने घर साफ करायला घेतलं की शेजारीण हमखास दारात येऊन विचारायची, "सफाई चाललीय की लोणचं घालतेयस?" तिचंही काही चुकत नव्हतं. ओट्यावर संत्र्याच्या साली व्हिनेगरमध्ये मुरत ठेवलेल्या, बादलीत रिठे भिजत घातलेले, सिंकमध्ये खायचा सोडा भुरभुरलेला आणि धाकटी अर्धं लिंबू घेऊन नळाशी झुंजतेय, असा सगळा थाट.

ही काही हौस नव्हती. तिला दमा होता. आई गेल्यावर ती अप्पांजवळ राहायला आली, आईच्याच पद्धतीने फिनाईलने घर पुसायला गेली आणि छाती अशी भरली की डॉक्टरांनी बजावलं, "फिनाईल, ॲसिड, सगळं घराबाहेर काढा. पुढच्या वेळी निभावेलच असं नाही." आईचा मात्र फिनाईलवर भारी जीव. दोन्ही वेळा फरशी पुसायची आणि बाथरूममध्ये तर बाटली उपडीच करायची. धाकटीने कंबर कसली, कोपरान् कोपरा घासला आणि वर्षानुवर्षं मुरलेला तो वास हाकलून लावला. घर लख्ख झालं, श्वास मोकळा झाला. तिला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि का वाटू नये?

अप्पांचं मात्र त्याच सुमारास बिनसलं. अप्पा एकेकाळचे नावाजलेले शिंपी. आता आठवणींची शिवण उसवत चालली होती, तरी घरातल्या घरात त्यांचं निभत होतं. तेही निभेना. बाथरूमच्या दाराशी जायचे, नाक वर करून थांबायचे, मागे फिरायचे आणि गॅलरीतल्या कुंडीत कार्यक्रम उरकायचे. मग पिशवी भरून दारात बसायचे. "बाई, तुम्ही फार चांगल्या आहात हो," पोटच्या पोरीला म्हणायचे, "पण आता मला घरी जाऊ द्या. बायको वाट बघत असेल."

तिला रडू फुटायचं. ते आवरायला ती आणखी जोरात फरशी घासायची.

"तुझ्याने नाही होणार हे," दादा फोनवर म्हणायचा. "मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय."

"मी असताना अप्पा घराबाहेर राहणार नाहीत," ती ठणकावून सांगायची. एवढ्या एका गोष्टीसाठी तिने सगळा जीव पणाला लावला होता.

आणि एका दुपारी अप्पा खरंच निघून गेले. मोठ्या रस्त्याच्या मधोमध पिशवी घेऊन उभे होते. एका ट्रक ड्रायव्हरने हाताला धरून आणून सोडलं. तिने त्याचे आभार मानले. संध्याकाळी ती दादाला म्हणाली, "चल, नुसतं बघून येऊ." मनात मात्र वेगळंच होतं. अप्पा तिथे थयथयाट करतील आणि दादा आपोआप गप्प बसेल, असा तिचा हिशोब.

वृद्धाश्रमाचं दार उघडलं. लांबलचक व्हरांडा नुकताच पुसला होता. फिनाईलचा भपकारा आला आणि धाकटीची छाती आवळली. तिने पदर नाकाला लावला.

अप्पा थबकले. नाक वर केलं. मग तिचा हात सोडून झपझप चालत सुटले, व्हरांड्याच्या टोकाचं बाथरूमचं दार ढकलून आत गेले. धाकटी धावली, तोवर ते हात धुऊन बाहेरही आले होते. तिथून थेट शेजारच्या रिकाम्या खोलीत जाऊन पलंगावर टेकले, पडद्याची शिवण चिमटीत धरून बघितली आणि समाधानाने म्हणाले, "हिने आज लवकर पुसून घेतलं वाटतं."

धाकटी खोलीच्या दारातच थांबली.

"दादा, वास रे," ती कशीबशी म्हणाली. "अप्पा वासावर घर ओळखायचे. मीच पुसून टाकलं त्यांचं घर. चल, घरी नेऊ त्यांना. मी आजच फिनाईल..." पुढचं खोकल्याने गिळलं. दादाने तिच्या पर्समधून पंप काढून दिला. वाईट नव्हता तो. पाठ चोळत त्याने हळूच विचारलं, "आणि तू कुठे राहशील?"

फिनाईल आणलं तर ती नाही, नाही आणलं तर अप्पा नाहीत. लिंबू, सोडा, रिठे, सगळं करून झालं होतं. यावर काही उपाय तिला ठाऊक नव्हता.

अप्पा उठले. टेबलावरच्या जगमधलं पाणी पेल्यात ओतून त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"घ्या बाई. आमच्याकडे वास जरा उग्रच असतो. तुम्ही आपल्या बाहेर मोकळ्या हवेत बसा. आमच्या धाकटीचीही छाती अशीच नाजूक आहे. ती यायची असली की मी हिला फिनाईलला हात लावू देत नाही. बाटलीच लपवून ठेवतो."

धाकटीने दोन्ही हातांनी पेला घेतला.

"कधी येणार आहे ती?" तिने विचारलं.

"येईल की," अप्पा म्हणाले. "घर माहीत आहे तिला."