पस्तीस शब्दांत लिहा

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा फोनवर टाइप केलं, दोनदा पुसलं. आम्ही मंगोल लोक इथे चेक देशात मोटारींच्या सीटचे सांगाडे बनवायला आलोय. एकमेकांबद्दल तोंडी वाट्टेल ते बोलतो, पण कागदावर कुणी काही उतरवत नाही. शेवटी ज्याच्याबद्दल लिहायचं तो चुलूनच म्हणाला, "लिही. फक्त मला भला माणूस करू नकोस."

तर चुलून भला माणूस नाहीये. आणि चेक भाषेची त्याला काडीची आवड नव्हती. त्याला गोंचिगचा हिशेब चुकता करायचा होता आणि तो त्याच भाषेत करावा लागणार होता, एवढंच.

गोंचिग म्हणजे आमचा मुकादम. बारा वर्षं इथे. कारखान्यात साहेबाशी काहीही बोलायचं असलं तरी गोंचिगदादाच्या तोंडून. रजा, आजारपण, तक्रार, सगळं त्याच्यातून गाळून वर जायचं.

चार वर्षांपूर्वी पुरेवची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. पुरेव म्हणजे चुलूनचा जिगरी दोस्त, एकाच खोलीतला. प्रेसची सुरक्षेची जाळी चार दिवस काढलेली होती, काम भराभर व्हावं म्हणून. चुलूननं ते गोंचिगला दोनदा सांगितलं होतं. अपघातानंतर साहेबानं साक्षीला बोलावलं तेव्हाही चुलूननं तेच सांगितलं. जाळी नव्हती, चार दिवस नव्हती. गोंचिगनं मान डोलावली आणि साहेबाला चेकमध्ये काहीतरी सांगितलं. चुलूनला तेव्हा भाषेतले दहा शब्दही येत नव्हते. पण 'पिवो' म्हणजे बिअर, हे इथे उतरल्या दिवशीच कळतं. गोंचिगच्या बोलण्यात ते दोनदा आलं. चुलूननं तर बिअरचं नावही काढलं नव्हतं.

"सही कर," गोंचिग म्हणाला.

चुलूननं सही केली. कागदावर होतं, पुरेव पिऊन आला आणि त्यानं स्वतः हात घातला. हे त्याला नंतर कळलं, पुरेव मंगोलियात दार्खानला घरी परत गेल्यावर. तो गोंचिगला जाब विचारायला गेला, तर गोंचिग शांतपणे म्हणाला, "तुझं इथे राहायचं कार्ड आमच्या कंपनीवर आहे, पोरा. तोंड उघडलंस तर थेट विमान दाखवीन."

म्हणून चुलून गप्प बसला. पण त्यानं मोजायला सुरुवात केली. पाच वर्षं पुरी झाली की कायमच्या रहिवासाचा अर्ज करता येतो. मग कार्ड कुणाच्या बापाचं नाही. फक्त मध्ये चेक भाषेची परीक्षा होती.

वाचनालयात रविवारी ब्लांकाबाई फुकट शिकवायच्या. निवृत्त मास्तरीण, जाड चष्मा, हातात कायम लाल पेन. परीक्षेत एक पत्र लिहायचं असतं. तुम्ही मित्राच्या वाढदिवसाला येऊ शकत नाही, का ते सांगा, दुसरी वेळ सुचवा. पस्तीस शब्द. बाई परत परत बजावायच्या, "तिन्ही मुद्दे आले पाहिजेत. वर नाव, खाली सही. सही नाही तर गुण गेले."

चुलूनचं पहिलं पत्र असं होतं: 'प्रिय गोंचिग, मी तुझ्या वाढदिवसाला येणार नाही. कारण तू खोटारडा आहेस. दुसरी वेळ सुचवतो, तुझ्या अंत्यविधीला नक्की येईन. चुलून.'

बाईंनी चष्मा वर केला. "मुद्दे तिन्ही आलेत. शब्द कमी पडले."

"वाढवतो बाई. मनात पुष्कळ आहेत."

"आणि हा गोंचिग कोण?"

"आहे एक मित्र."

वर्षभरात त्यानं अशी साठेक पत्रं लिहिली. शेजाऱ्याला तक्रार, तर शेजारी गोंचिग. हॉटेलात थंड सूप, तर वेटर गोंचिग. हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात लिहायला दिली तेव्हा कुत्र्याचं नावसुद्धा! बाई हसून हसून रडल्या. मी शेजारच्या बाकावर असायचो. माझी पत्रं सभ्य होती आणि मला काही येत नव्हतं. रागावर माणूस इतकं शिकतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

परीक्षा ब्रनो शहरातल्या एका शाळेत होती. अरुंद बोळ, भिंतीला लागून रांग, सगळ्यांच्या हातात पासपोर्ट. आणि रांगेत आमच्या पुढे पाचवा गोंचिग.

चुलून बघतच राहिला. हा तर गेली सात वर्षं सगळ्यांना सांगत होता, माझं कायमचं कधीच झालंय म्हणून!

"गोंचिगदादा, तुम्ही इथे? दुभाषी म्हणून का?"

गोंचिगचा चेहरा पडला. "हळू बोल."

मग चुलूनच्या लक्षात आलं. हा कानानं शिकलेला माणूस. बोलायला पोपट, लिहायला शून्य. म्हणजे ह्याचं कार्डही आमच्यासारखंच कंपनीवर. पुरेवचा बळी ह्यानं स्वतःचं विमान टाळायला दिला. चुलूनला क्षणभर कीव आली असेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, अजिबात नाही, उलट जास्तच डोकं फिरलं.

रांग पुढे सरकली. चुलून मधल्या लोकांना ओलांडून पुढे गेला आणि गोंचिगच्या पॉलिश केलेल्या बुटावर त्यानं पाय दिला. चांगला दाबून.

आमच्यात पाय लागला की लगेच हात हातात घ्यायचा. बसमध्ये परका असला तरी. नाही दिला तर वैर जाहीर झालं. गोंचिगचा हात आपोआप पुढे आला. चुलूननं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

रांगेतले आमचे सगळे लोक वळून बघायला लागले.

"हात दे," गोंचिग म्हणाला.

"नाही देत."

"परीक्षेच्या दिवशी असं करतोस?"

"मुद्दाम आजच करतोय."

मागे आमच्यातलीच एक म्हातारी आजी होती. ती कळवळली, "दे रे बाबा. अशानं दोघांचंही वाटोळं होतं."

"माझं झालं तर होऊ दे, आजी."

गोंचिगचा हात तसाच हवेत. शेवटी त्यानं तो खिशात घातला. परीक्षेत तो तीनदा मागे वळून बघताना मी पाहिला. खरं सांगायचं तर चुलूनही हलला होता. ऐकण्याच्या भागातली दोन उत्तरं त्यानं नुसती ठोकून दिली.

तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंनी विचारलं, "तुमच्या कामात तुम्हाला काय आवडत नाही?" चुलूननं सांगितलं. जाळी. चार दिवस. दोन बोटं. बिअर. मोडकंतोडकं, पण सगळं. मध्ये कुणी दुभाषी नव्हता. बाई म्हणाल्या, "वेळ संपली." पेन खाली ठेवून मग हळूच विचारलं, "तुमचा मित्र आता कसा आहे?"

चुलून पास झाला, मी नापास. गोंचिगचं आम्हाला कुणी सांगितलं नाही. ते त्यानं स्वतः येऊन सांगितलं.

रविवारी दुपारी आम्ही आमचा मंगोल खारा चहा घेत होतो, तर दारात गोंचिग. हातात व्होडकाची बाटली. चुलूननं ती उचलून दाराबाहेर ठेवली.

"बोल."

"लिखाणात गेलो, तिसऱ्यांदा," गोंचिग म्हणाला. "कंपनीनं नवा दुभाषी घेतलाय, इथेच शिकलेला पोरगा. शरदात माझं कार्ड संपतं. आता विमान मला दिसतंय, चुलून. ते पत्र लिहायला शिकव."

मला वाटलं चुलून हसेल, निदान शिवी तरी देईल. त्यानं शांतपणे वही काढली.

"बस. प्रश्न लिहून घे. तुम्ही मित्राचं नुकसान केलंत. काय घडलं ते सांगा. खरं काय होतं ते सांगा. आता काय करणार ते सांगा. पस्तीस शब्द."

"कुठला मित्र?"

"वर नाव घाल. प्रिय पुरेव."

गोंचिगचं पेन थांबलं. "हा सराव नाहीये."

"सरावच आहे. नको असेल तर बाटली बाहेर आहे, घेऊन जा."

गोंचिगनं लिहिलं. घाम पुसत, एकेक शब्द कसा लिहायचा ते विचारत. 'जाळी' चुलूननं सांगितला, 'चार दिवस' त्याला येत होतं. 'तू प्यायला नव्हतास' हे वाक्य त्यानं कुणालाही न विचारता लिहिलं. 'मी ऑफिसात जाऊन खरं सांगेन,' हे चुलूननं दोनदा म्हणून दाखवलं. मग गोंचिगनं पेन ठेवलं.

"खाली?" चुलूननं विचारलं.

"खाली काय?"

"सही. सही नसेल तर गुण जातात."

मी चहा ओतायचं सोडून नुसता उभा. गोंचिगनं सही केली, तारीखही घातली. आणि उठता उठता हात पुढे केला, त्या दिवशी रांगेत पाय दिल्याचा राहिलेला.

"माझ्याकडे नंतर माग," चुलून म्हणाला. "बुधवारी ये. पुढचं पत्र सूपवर आहे."

गोंचिग गेल्यावर त्यानं कागदाचा फोटो पुरेवला पाठवला आणि लगेच फोन लावला. दार्खानला रात्र होत आली होती. पुरेव टायर दुरुस्तीच्या दुकानातून नुकताच परतला होता.

"त्यानं स्वतः लिहिलं?"

"स्वतः. त्रेचाळीस शब्द झाले. आठ जास्त."

पुरेव हसला. मग म्हणाला, "आणि खाली तुझीही सही होती ना रे? त्या जुन्या कागदावर."

"होती." चुलूननं कागदाची घडी घालून छातीच्या खिशात ठेवली. "रहिवासाचा शिक्का पडला की दुसऱ्या दिवशी मी हा कागद घेऊन कामगार तपासणीच्या ऑफिसात जाणार. गोंचिग आला तर आला. माझी सही चुकीची होती हे माझ्या तोंडानं सांगणार. तुझ्या बोटांचं जे काय निघेल ते काढून घेणार."

"आणि त्याचा हात?"

"तो दार्खानला येऊन आधी तुझ्या तीन बोटांत हात देईल. तोपर्यंत माझे हात पाठीमागेच राहतील, पुरेव. शब्द देतो."