मार्जिन पॉइंट चार

आमच्या कोर्समध्ये दोनच विद्यार्थी होते. एक मी आणि एक ती. कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स आणि बिझनेस असं सगळं एकत्र कालवून पाच वर्षांत दोन डिग्र्या देणारा तो कोर्स होता. माहितीपत्रकावर चार हसरी मुलं छापली होती. त्यातलं एकही आमच्या वर्गात आलं नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आम्हा दोघांनाही 'शेठ' म्हणायचे, कारण आम्ही बिझनेसवाले. बिझनेसच्या इमारतीत दोघांनाही 'वायरमन' म्हणायचे, कारण उघड आहे. पहिल्याच वर्षी आम्ही वाटणी करून घेतली. मी शेठ झालो, ती वायरमन. दोन्ही इमारतींमध्ये सात मिनिटांचं अंतर होतं आणि दोन तासांमध्ये सुट्टी पाच मिनिटांची, त्यामुळे पाच वर्षं आम्ही सगळीकडे दोन मिनिटं उशिरा पोचलो. अजूनही कुठे वेळेवर पोचलो की काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. आणि कुठेही सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मी आपोआप उजवीकडे बघतो. उजवीकडे ती बसायची.

शेवटच्या वर्षी आम्ही एक यंत्र बनवलं. हॉस्टेलच्या तळघरात कपडे धुण्याची तीन मशिन्स होती आणि बादली घेऊन चार मजले उतरल्यावर कळायचं की तिन्ही चालू आहेत. आमची डबी मशिनला चिकटवली की ती थरथर ओळखायची आणि मोबाइलवर सांगायची, रिकामं आहे, या. हॉस्टेलमध्ये आम्हाला अचानक मान मिळायला लागला. एका सीनियरने तर मला 'अहो' म्हटलं.

या डबीवर इलेक्ट्रॉनिक्स आणि बिझनेस, दोन्ही विभागांची एकत्र तोंडी परीक्षा होती. एका विभागाने जरी नापास केलं तरी दोन्ही डिग्र्या अडकणार आणि अख्खं वर्ष पुन्हा. वायरमनला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, एक तारखेला हजर व्हायचं होतं. परीक्षा होती अकरा तारखेला. म्हणजे पास झाली तर वीस दिवसांत ती जाणार. मला कुठेही नोकरी नव्हती. खरं सांगायचं तर नापास व्हायला माझी काही फारशी हरकत नव्हती. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

दोन विभागांना दोन वेगळे रिपोर्ट द्यायचे होते. वायरमन म्हणाली, "तक्ता एकच करू आणि दोन्हीकडे चिकटवू. मलाही जीव आहे." त्या तक्त्यात एक ओळ होती: मार्जिन – ०.४. ते नॉइज मार्जिन होतं, व्होल्टमध्ये. म्हणजे तारेत बाहेरचा गोंगाट किती शिरला तरी सिग्नल बिघडत नाही, त्याचं माप. 'नॉइज' आणि 'व्होल्ट' हे दोन्ही शब्द रकान्यात मावले नाहीत म्हणून मी उडवले.

कॉम्प्युटरच्या सरांनी आमचा प्रोग्रॅम आधीच पास केला होता. त्यांच्या लेखी मार्जिन म्हणजे पानाच्या कडेची मोकळी जागा, आणि ती आम्ही सढळ हाताने सोडली होती. त्यामुळे टेबलापलीकडे दोघंच होते. बिझनेसच्या मॅडम आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सर.

मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं. "मार्जिन पॉइंट चार? म्हणजे चाळीस टक्के? कसं काय जमवलंत?"

वायरमनला वाटलं, मॅडम अभ्यास करून आल्यात. ती उत्साहाने म्हणाली, "वायर आखूड ठेवली, मॅडम. मध्ये काही येऊच दिलं नाही."

"मधले लोक काढले," मॅडम लिहून घेत म्हणाल्या. "छान."

"आणि ग्राउंड पक्कं केलं. शेवटी सगळं तिथेच जाऊन मिळतं."

"अगदी खरं. जमिनीवरच्या माणसाला विसरून धंदा होत नाही. आणि आजूबाजूला एवढा गोंगाट असताना?"

"गोंगाट असतोच, मॅडम. तो धरूनच चालायचं."

सर चहाच्या कपात बघत होते. कप रिकामा होता. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी काहीही न बोलण्याचं ठरवलं होतं, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून दिसत होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे मी वर्गात शिकवणार आहे."

एवढ्यावर उठलो असतो तर पास होतो. दोघंही. वायरमन उठतच होती.

"मॅडम," मी म्हणालो, "ते व्होल्ट आहेत."

वायरमन हळूच खाली बसली आणि टेबलाखाली तिने माझ्या पायावर पाय दिला. दिला तो उचललाच नाही.

मॅडमनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि खरं मार्जिन, म्हणजे नफ्याचं, काढायला लावलं. ते वजा बारा टक्के आलं. प्रत्येक डबीमागे आम्ही बुडत होतो.

"सिग्नल मात्र स्वच्छ आहे," सर म्हणाले.

मॅडमनी गुणपत्रिका पुढे ओढली. पास व्हायला चाळीस लागायचे. "चाळीस हवे होते ना तुम्हाला? घ्या चाळीस. दोघांनाही. आणि हा तक्ता पुन्हा कुणाला दाखवू नका."

एकोणीस दिवसांनी मी तिच्या बॅगेवर बसलो होतो आणि ती चेन ओढत होती. खोलीत फक्त पलंग, आरसा आणि आम्ही उरलो होतो.

"शेठ, तेव्हा तोंड का उघडलंस?"

"असंच. आपल्या मागून येणाऱ्या पोरांनी चुकीचं शिकू नये म्हणून."

"आपल्या मागून कोण येतंय? कोर्स बंद झाल्याची नोटीस महिनाभर लागलीये. तूच मला वाचून दाखवलीस. आवाज बदलून."

मी चेनकडे बघितलं. ती कोपऱ्यात अडकली होती.

"मी नापास व्हावं असं वाटत होतं तुला."

"दोघांनीही," मी म्हणालो. "एकटीने नाही."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. तिने चेन मागे घेतली, कापड आत सारलं आणि पुन्हा ओढली. लागली.

"मला विचारायचंस," ती म्हणाली. "थांबले नसते मी. पण विचारायचंस तरी."

मग तिने बॅगेचा एक बंद धरला आणि मी दुसरा. जिन्यात आम्ही एकमेकांना फक्त 'सांभाळून' एवढंच म्हणत होतो, प्रत्येक वळणावर.